कलम एकशे त्रेसष्ट

“कलम एकशे एकसष्ट,” मी वाचलं. “दरवाजाची चौकट सागवानी, शंभर बाय पासष्ट मिलिमीटर.”

नकाशावरून अण्णांचं बोट सरकत सरकत वर्गखोलीच्या दारापाशी येऊन थांबलं. “आहे.”

“कलम एकशे बासष्ट. व्हरांड्याला खडबडीत शहाबादी फरशी, चाळीस मिलिमीटर जाडीची.”

“आहे.”

“कलम एकशे त्रेसष्ट. प्रवेशाच्या रॅम्पचा चढ एकास बारा, दोन्ही बाजूंना पाइपचा कठडा.”

बोट थांबलं. अण्णा टेबलावर इतके वाकले की नाक कागदाला टेकायचंच बाकी राहिलं. मग त्यांनी नकाशा माझ्याकडे वळवला. “एकास बाराच लिहिलंय का बघ गं शैला. मला नीट लागत नाही.”

“आहे, अण्णा,” मी म्हटलं आणि एकशे चौसष्टावर गेले.

१९८८ सालच्या एप्रिलमधली ती शनिवारची दुपार. सांगलीत धामणकरसाहेबांच्या कन्सल्टिंग ऑफिसात मला लागून दीड वर्ष झालं होतं. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली मुलगी त्या काळी ऑफिसात ठेवणं म्हणजे साहेबांच्या दृष्टीनं उपकारच होते आणि ते तसं बोलूनही दाखवत. साइटवर मुलगी चालणार नाही, म्हणून त्यांनी मला अण्णांच्या हाताखाली दिलं, स्पेसिफिकेशन लिहायला.

हे काम लोकांना माहीत नसतं. इमारत कशी दिसणार ते नकाशा दाखवतो. पण भिंतीला सिमेंट किती, फरशी कुठल्या जाडीची, नळ कुठल्या धातूचा, हे सगळं शब्दांत लिहून द्यावं लागतं, नाहीतर ठेकेदार त्याच्या सोयीनं बांधतो. आर्किटेक्ट एका गावात, लोखंडाचं डिझाइन करणारा दुसऱ्या गावात, पाण्याचा माणूस तिसऱ्या, विजेचा चौथ्याच. चौघांनी चार दिशांना काढलेले कागद एकमेकांशी जुळतात की नाही, हे बघणारा एक माणूस लागतो. आमच्याकडे तो माणूस म्हणजे दिगंबर अण्णा शिरगुप्पे.

अण्णा जयसिंगपूरचे. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत जेवणारा. हिवाळ्यात पाच वाजले की डबा आवरून बस गाठायला निघत आणि साहेबांची प्राज्ञा नव्हती त्यांना थांबवायची. बत्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. आणि त्या ऑफिसात ‘जुळवणी’ नावाची जी रीत होती, ती त्यांचीच. टेंडर छापायला जायच्या आधी रेकॉर्डच्या खोलीचं दार लावून घ्यायचं, एकानं मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकाशावर बोट ठेवून ‘आहे’ म्हणायचं. बोट ठेवल्याशिवाय ‘आहे’ म्हणायचं नाही. दोनशे-अडीचशे कलमं असत. पहिल्या वेळी मला वाटलं, ही काय शाळेतली पाढ्यांची घोकंपट्टी. तिसऱ्या वेळी अण्णांनी एका बँकेच्या इमारतीत तिजोरीच्या खोलीच्या भिंतीतूनच संडासाचा पाइप जातो हे पकडलं आणि मी कानाला खडा लावला.

नकाशावर नेहमी अण्णाच बसत. पण गेल्या वर्षभरात त्यांचे डोळे चालले होते, हे फक्त मला माहीत होतं. काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांकडे गुपचूप जात. ऑफिसात कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील, म्हणून त्यांनी मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तेवढी मानानं काढायची आणि मगच उठायचं, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून जिथं अक्षर बारीक असे किंवा अमोनियावर काढलेली नकाशाची प्रिंट फिकट असे, तिथं ते नकाशा माझ्याकडे वळवत आणि मी बघून सांगे. एका जुळवणीत तीस-चाळीस वेळा तरी असं होई. त्या दिवशी चाळीसच्या वर गेलं असेल.

मला या गोष्टीचा अभिमान होता, हे लपवून काय करू? अख्ख्या ऑफिसात अण्णांचे डोळे मी होते. शिवाय माझी स्मरणशक्ती तल्लख. आठवडाभर ज्या नकाशाच्या प्रिंट काढाव्यात, तो मला तोंडपाठ होऊन जाई. अण्णा कौतुकानं म्हणत, हिच्या डोक्यात ट्रेसिंग पेपर आहे.

जुळवणी साडेचारला संपली. अण्णांनी नेहमीप्रमाणे वहीत नोंद केली, नकाशा शिरगुप्पे, मजकूर कोळेकर, म्हणजे मी. दोघांनी सह्या केल्या आणि सोमवारी टेंडर गेलं.

ती इमारत म्हणजे तासगाव रस्त्यावरची पोलिओ झालेल्या मुलांची निवासी शाळा. एका ट्रस्टनं बांधायला काढली होती. दीड वर्षात उभी राहिली. उद्घाटनाला मीही गेले होते, पेढे खाऊन आले. जमिनीपासून वर्गापर्यंत सगळीकडे चाकाची खुर्ची जाईल अशी ती गावातली पहिलीच इमारत, असं कुणीतरी भाषणात म्हणालं आणि साहेबांनी मागं वळून अण्णांकडे बघितलं. अण्णांना ते दिसलं नसणार. मी त्यांना सांगितलं, तर लहान मुलासारखे लाजले.

१९९० च्या जानेवारीत, सकाळी प्रार्थनेच्या वेळी, शाळेतल्या हौसाबाई नावाच्या मावशी अकरा वर्षांच्या एका मुलीला खुर्चीतून खाली आणत होत्या. रॅम्पच्या मध्यावर खुर्चीनं ओढ घेतली. हौसाबाईंनी ती सोडली नाही. खुर्चीबरोबर फरफटत गेल्या, शेवटी स्वतः आडव्या पडल्या आणि खुर्ची त्यांच्या अंगावर अडली. मुलीला खरचटलंसुद्धा नाही. हौसाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. वय पन्नास-बावन्न, घरात मिळवणारी ती एकटीच.

दुपारपर्यंत ट्रस्टचा माणूस ऑफिसात येऊन बसला. त्यानं टेप लावून मोजलं होतं. बारा फुटांना एक फूट चढ हवा, तिथं आठ फुटांनाच एक फूट होता. मजकुरात एकास बारा आणि नकाशात एकास आठ. टेंडरात आमचंच वाक्य होतं, दोन्हींत फरक आढळल्यास नकाशा धरावा. ठेकेदारानं नकाशा धरला. आर्किटेक्टनं फोनवर हात झटकले. पुढची जागा रस्त्यात गेली म्हणून त्यांनी रॅम्प आखूड करून सुधारित नकाशा पाठवला होता. तुमच्या मजकुरात एकास बारा होतं तर आम्हाला विचारायचं होतं, जुळवणी तुमच्याकडे असते ना, असं ते म्हणाले. खोटं नव्हतं.

मी रेकॉर्डच्या खोलीत गेले आणि तो नकाशा काढला. सुधारणा ‘क’. कोपऱ्यातल्या चौकटीत सुधारणेचं कारण लिहिलं होतं, जिन्याची जागा बदलली, एवढंच. रॅम्पचं नावही नव्हतं. पण रॅम्पवर स्वच्छ अक्षरात एकास आठ लिहिलेलं होतं. फिकट नव्हतं, बारीक नव्हतं. माझ्यासारख्या चोवीस वर्षांच्या मुलीला हातभर अंतरावरून वाचता आलं असतं.

आणि मग मला ती दुपार आठवली. नकाशा वळवून अण्णांनी विचारलं होतं आणि मी खाली बघितलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर आधीचा ‘ब’ नकाशा होता, तो मला पाठ होता, त्यात एकास बारा होतं. ‘क’ची प्रिंट त्याच आठवड्यात मीच काढून गठ्ठ्यात लावली होती. जिन्याची जागा बदलली आहे एवढं वाचून. मी तिथल्या शिडीवरच बसले.

अण्णा आत आले. दार लावून घेतलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हातानं चाचपत त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले.

“शैला,” ते म्हणाले, “त्या रॅम्पच्या कलमाला मी तुला विचारलं होतं काय गं? का माझं मीच बघितलं?”

मी नकाशाची गुंडाळी करायला लागले.

“आठवून बघ की जरा. मी सकाळपासून आठवतोय. विचारलं असेल असं वाटतंय, नसेल असंही वाटतंय. त्या दिवशी लई वेळा विचारलं मी तुला, त्यातलं हे होतं का नाही, तेच ध्यानात येईना झालंय.”

तिथं मला एक शब्द बोलायचा होता. आजवर मी हजारो कागदांवर सह्या केल्या, पण तो एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. बाहेर साहेबांचा आवाज चढलेला ऐकू येत होता. “मुलगी ठेवली तेव्हाच मला वाटलं होतं,” हे वाक्य त्यांच्या तोंडून येणार, हे मला माहीत होतं. माझ्यामागं आणखी दोन मुलींचे अर्ज त्यांच्या टेबलावर होते, तेही बाद झाले असते. जिल्हा परिषदेच्या मुलाखतीचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि अनुभवाचा दाखला साहेब देणार होते. आणि अण्णांचे चारच महिने राहिलेत, असंही मनात आलं. हो, हेही आलं. ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

“आठवत नाही, अण्णा,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. “मग मीच बघितलं असणार. दिसलं नसेल आणि अंदाजानं ‘आहे’ म्हटलं असेल.” उठता उठता पुन्हा म्हणाले, “अंदाजानं म्हटलं मी.”

साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे होतो. साहेबांनी विचारायच्या आत अण्णा बोलले. नकाशावर मी होतो, माझे डोळे अधू झालेत, ते मी दोन वर्षांच्या वर तुमच्यापासून लपवलं, या मुलीचा यात काही संबंध नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. साहेब रागवायचं विसरले. एवढंच म्हणाले, “अण्णा, मला सांगायचं होतंत.” त्या आठवड्यात अण्णा घरी बसले. निरोपसमारंभ झाला नाही. अण्णांनीच नको म्हटलं. इतकी वर्षं काम केलेल्या माणसाच्या टेबलाचा खण मी आवरला.

रॅम्प तोडून नव्यानं, वळण घेऊन बांधला गेला. सिव्हिल हॉस्पिटलात हौसाबाई दोन महिने होत्या. मी एकदा गेले तर कॉटशेजारी अण्णा बसलेले, हातात सोललेलं केळं. ते रोज बसनं येतात आणि ऊन उतरायच्या आत परत जातात, असं हौसाबाईंनी सांगितलं. वर म्हणाल्या, “ह्यांना सांगा बाई, माझा काय राग न्हाई म्हणून. रोज येऊन माफी मागत्यात, मलाच कसंतरी होतंय.” मी तशीच परत फिरले. हौसाबाई पुढं काठीशिवाय चालल्या नाहीत.

मला जिल्हा परिषदेत नोकरी लागली. बदल्या झाल्या, लग्न झालं, बढती मिळाली. हाताखालच्या पोरांना मी जुळवणी शिकवली आणि ती कुणाची रीत हेही सांगत असे. अण्णांकडे मात्र गेले नाही. दिवाळीला कार्ड पाठवायचे, तेही दोन वर्षांनी बंद केलं. मनाला सांगून ठेवलं होतं की माणूस निवृत्त होणारच होता, डोळे जाणारच होते. चार महिने अलीकडे-पलीकडे, एवढाच काय तो फरक.

१९९९ मध्ये कोल्हापूरच्या स्टँडवर आमच्या ऑफिसचे जुने टायपिस्ट भेटले. बोलता बोलता म्हणाले, अण्णांना आता उजेड-अंधारसुद्धा कळत नाही. पुढच्या रविवारी मी जयसिंगपूरला गेले.

अण्णा बाहेरच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी. माझा आवाज ऐकल्याबरोबर त्यांनी ओळखलं आणि इतके आनंदले की मला तिथंच रडू यायला लागलं. कुठल्या खात्यात आहेस, किती इमारती झाल्या, स्पेसिफिकेशन स्वतः लिहितेस का दुसऱ्याचं उतरवतेस, एकामागून एक विचारत सुटले. डोळे उघडे होते, पण माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी लागलेले.

त्यांची बायको, अक्का, मला चहाला आत घेऊन गेल्या. बारीक अंगाची, कामसू बाई. त्या स्टोव्ह पेटवत होत्या तेव्हा मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, काचबिंदूला इलाजच नाही म्हणतात.

“हाय की,” अक्का म्हणाल्या. “थेंब होते. दिवसातनं दोनदा घालायचे. गेलेली नजर परत येत नाही, पण राहिलेली ऱ्हाती. डॉक्टर म्हणाले होते, थेंब चुकवू नका, मरेपर्यंत पेपर वाचाल.” त्यांनी दुधाचं पातेलं उतरवलं. “हाफिस सोडून आले त्या दिवशी बंद केले. मी पाया पडले. म्हणाले, ज्या डोळ्यांनी एका बाईला जन्माचं पांगळं केलं, ते राखून काय करू? दीड-दोन वर्षांत सगळं गेलं.”

चहाचा कप त्यांनी माझ्या हातात दिला. तो तसाच ओट्यावर ठेवून मी सोप्यात आले आणि अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसले.

सगळं सांगितलं. सुधारणा ‘क’, पाठ झालेला ‘ब’, न बघता दिलेलं उत्तर, आणि रेकॉर्डच्या खोलीतलं ते ‘आठवत नाही’. साहेबांची भीती वाटली हेही सांगितलं. मला आठवत होतं, पहिल्या क्षणापासून आठवत होतं, असंही सांगितलं. त्यांनी मला हाकलून द्यावं, निदान दोन शब्द बोलावेत, असं मला मनापासून वाटत होतं.

 अण्णांचे ओठ हलत होते, मोजणी करावी तसे. मग त्यांनी विचारलं, “म्हणजे मी विचारलं होतं?”

“होय, अण्णा.”

“अंदाजानं म्हटलं नव्हतं?”

“नाही. तुम्ही नकाशा माझ्याकडे वळवला. नीट लागत नाही म्हणालात.”

“आणि मग विचारलं.”

“विचारलंत.”

ते खुर्चीत ताठ बसले. चेहऱ्यावर असं काही पसरत गेलं, जे मी त्यांच्या नोकरीच्या दिवसांतही बघितलं नव्हतं. “अगं ए,” त्यांनी आत हाक मारली. “ऐकलंस काय? मी विचारलं होतं हिला. माझ्या डोळ्यांनी काय फसवलं नव्हतं. दिसत नव्हतं, तर नाही दिसत असं मी सांगितलं होतं.”

अक्का केव्हाच्याच चौकटीत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत होत्या, कोरडे झाले तरी पुसतच होत्या. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. त्या बघण्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

“बरं केलंस पोरी, आलीस,” अण्णा म्हणाले आणि अंदाज घेत माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तू लहान होतीस तेव्हा. होतंय असं.” मग पुन्हा त्यांनी तोंड चौकटीकडे वळवलं. आवाज तरुण माणसासारखा झाला होता.

“मी काय म्हणतो, एकदा मिरजेला जाऊन येऊ या काय डॉक्टरांकडे? थेंब परत सुरू करू म्हणतो.”

अक्कांनी डोळ्याला पदर लावला. आवाजात मात्र काही येऊ दिलं नाही.

“जाऊ की,” त्या म्हणाल्या. “उद्याच जाऊ.”